मनातल्या उमेदवाराला मत द्यायचं की नको असलेल्याला पाडायला?

कुंपणावरचा

मंडळी, गेले आठ दिवस हा किडा डोक्यात वळवळतोय म्हणून शेवटी धागा काढतोय. तीन उमेदवार आहेत असं समजा. पहिला असा की त्याचं काम, विचार, बोलणं सगळं मला पटतं पण तो निवडून यायची शक्यता जवळपास शून्य. दुसरा ठीकठाक, फार आवडत नाही पण चालून जाईल. आणि तिसरा आला तर मी पाच वर्षं बातम्या बघणं सोडून देईन. खरी टक्कर दुसऱ्या आणि तिसऱ्यातच आहे असं सगळे म्हणतायत.

गेल्या खेपेला अशीच परिस्थिती होती, मी दुसऱ्याला दिलं. बटण दाबताना बरं वाटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. तो निवडून आला आणि मग त्याने जे जे काही केलं त्याच्याखाली माझीही सही आहे असं वाटत राहिलं. त्याच्या आधीच्या खेपेला मनातल्याला दिलं होतं, तेव्हा नेमका तिसरा आला आणि घरच्यांनी मला सहा महिने ऐकवलं की तुमच्यासारख्यांमुळे आला. एका मतामुळे!! म्हणजे दोन्हीकडून मार मलाच.

तर तुम्ही काय करता आणि का करता एवढंच सांगा. एक विनंती, सध्याच्या पक्षांची आणि नेत्यांची नावं आणू नका, नाहीतर धाग्याचं काय होतं ते सगळ्यांना माहितीये. जुनी उदाहरणं, बाहेरच्या देशांची उदाहरणं चालतील.

टवाळ

रुमाल टाकून ठेवतो. शंभरी नक्की.

खडूस_आजोबा

यात एवढं आठ दिवस विचार करण्यासारखं काय आहे कळलं नाही. दगडापेक्षा वीट मऊ, संपलं. मतदान म्हणजे आपली आवडनिवड नोंदवायची वही नाही हो, पुढची पाच वर्षं चाव्या कोणाच्या हातात द्यायच्या एवढाच प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर जे दोघं शर्यतीत आहेत त्यांच्यातूनच मिळणार असतं.

उदाहरण हवंय ना, अमेरिकेतलं २००० सालचं घ्या. फ्लोरिडा राज्यात बुश मुख्य प्रतिस्पर्धी गोरच्या ५३७ मतांनी पुढे, आणि त्या एका राज्यावर राष्ट्राध्यक्षपद गेलं. त्याच फ्लोरिडात ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडरला ९७,४८८ मतं. यातल्या शेकड्यातल्या दोघांनी जरी नाक मुठीत धरून गोरला मत दिलं असतं आणि बाकीचे घरी बसले असते तरी निकाल फिरला असता. नेडरवाले पर्यावरणवाले होते, म्हणजे गोरच त्यांना जवळचा. तत्त्व जपलं आणि हातात काय आलं? पुढची आठ वर्षं मोजा.

सरळरेषा

आजोबा हे फ्लोरिडाचं उदाहरण प्रत्येक वेळी येतंच, आणि प्रत्येक वेळी अर्धंच येतं. फ्लोरिडात नेडर सोडून आणखी सात किरकोळ उमेदवार मतपत्रिकेवर होते आणि त्यातल्या प्रत्येकाला ५३७ पेक्षा जास्त मतं पडली होती. प्रत्येकाला! सगळ्यात तळाच्याला सुद्धा ५६२. मग त्या सगळ्यांच्या मतदारांना का नाही कोणी दोष देत? जे लाखो लोक मत द्यायला गेलेच नाहीत त्यांना का नाही? शिव्या फक्त नेडरच्या मतदाराला कारण तो प्रामाणिकपणे रांगेत उभा राहून आपलं मत देऊन आला.

आणि मूळ गृहीतकच मला मान्य नाही. ती ९७ हजार मतं गोरची होती आणि नेडरने पळवली असं तुम्ही बोलताय. मत मतदाराचं असतं, कुठल्या उमेदवाराच्या मालकीचं नसतं. गोरला ती हवी होती तर मिळवायला हवी होती. 'मतं खाल्ली' हा शब्दच मला खटकतो, जणू काही ताट आधीच कोणाच्या तरी नावाने वाढून ठेवलं होतं.

अबोली_फुलली

सरळरेषा, शेवटचं वाक्य +१

गणित_कच्चं

(आयडीवर जाऊ नका, शिकवतो तोच विषय.)

दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट राहतेय. आजोबा म्हणतात छोट्याला दिलेलं मत वाया गेलं. बरं. वाया न जाणं म्हणजे काय? त्या मताने निकाल बदलणं, असंच ना? मग या हिशोबाने दुसऱ्याला दिलेलं 'शहाणपणाचं' मतही वायाच जातं, कारण तुमच्या एका मताने निकाल जवळपास कधीच बदलत नाही. गेलमन, सिल्व्हर आणि एडलिन या तीन अभ्यासकांनी अमेरिकेच्या २००८ च्या निवडणुकीसाठी हिशोब मांडला होता, एका मतदाराच्या मताने राष्ट्राध्यक्ष ठरण्याची शक्यता सरासरी सहा कोटींत एक. म्हणजे निकालावर परिणाम हाच निकष असेल तर दोन्ही मतं सारखीच कुचकामी आणि मग निदान मनासारखं तरी द्या की.

उलट असं म्हणाल की मी एकटा नाही, माझ्यासारखा विचार करणारे हजारो आहेत आणि आम्ही सगळे मिळून निकाल फिरवू, तर मग हाच तर्क पहिल्या उमेदवारालाही लागू होतो. ते हजारो लोक 'तो येणारच नाही' म्हणून त्याला देत नाहीत आणि ते देत नाहीत म्हणून तो येत नाही. धरलं तर चावतं सोडलं तर पळतं.

खडूस_आजोबा

गणित_कच्चं साहेब, तुमच्या त्या सहा कोटीत एकला माझं उत्तर आहे २००८, राजस्थान, नाथद्वारा मतदारसंघ. सी. पी. जोशी ६२,२१५ आणि समोरचा ६२,२१६. एका मताने पडले, आणि मुख्यमंत्रीपदाच्या शर्यतीत नाव होतं त्यांचं. जा आणि त्यांना सांगा शक्यता किती होती ते.

गणित_कच्चं

लॉटरी पण कोणाला तरी लागतेच आजोबा :) आणि विधानसभेचा मतदारसंघ लहान असतो, तिथे शक्यता तेवढी सूक्ष्म नसते हे मात्र मान्य.

टवाळ

म्हणजे ठरलं. लहान निवडणुकीत डोकं वापरायचं आणि मोठ्या निवडणुकीत मन. सोसायटीच्या निवडणुकीत तर थेट मुत्सद्देगिरी.

जुनी_वही

उशिरा लिहितोय, लांबेल, सांभाळून घ्या.

सगळे अमेरिकेत शिरलेत पण आपल्याकडे याच प्रश्नाचं एक फार अवघड उदाहरण आहे. १९५०च्या दशकात काही मतदारसंघ दोन सदस्यांचे असायचे, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं. दोन्ही मतं एकाच उमेदवाराला देता यायची नाहीत. मग यात डाव कसा खेळायचा तर एक मत आपल्या माणसाला द्यायचं आणि दुसरं द्यायचंच नाही किंवा बाद करून टाकायचं, म्हणजे त्या दुसऱ्या मताने आपल्या माणसाचा प्रतिस्पर्धी वर जायला नको. याला तेव्हा शब्द होता 'मत कुजवणं'. १९५२ ला उत्तर मुंबईत बाबासाहेब आंबेडकर चौदा हजारांवर मतांनी पडले आणि तिथे मतं कुजवायचा प्रचार झाला असा आक्षेप घेऊन ते आणि अशोक मेहता निवडणूक न्यायाधिकरणाकडे गेले होते, बाद मतांचा आकडा ७४ हजारांवर होता. याचिका फेटाळली गेली.

आता पुढचं बघा. १९५४ ला भंडाऱ्याची पोटनिवडणूक, परत दोन जागा, बाबासाहेब राखीव जागेसाठी आणि अशोक मेहता सर्वसाधारण जागेसाठी. कार्यकर्त्यांनी सुचवलं की आपल्या लोकांना दुसरं मत कुजवायला सांगू, म्हणजे तुमची जागा पक्की. बाबासाहेबांनी साफ नकार दिला असं सांगतात, दोन्ही मतं वापरा, मत कुजवू नका. ज्याने घटना लिहिली त्याने मत फुकट घालवायला सांगायचं हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं. निकाल काय, तर अशोक मेहता निवडून आले आणि बाबासाहेब पडले.

मी ही गोष्ट तरुणपणी पहिल्यांदा ऐकली तेव्हा अभिमान वाटला होता. आता वय झाल्यावर दुसरंही वाटतं, की ते लोकसभेत असायला हवे होते, दोन वर्षांनी गेलेच ते. तत्त्वाची किंमत फक्त तत्त्व पाळणारा भरत नाही, बाकीच्यांनाही ती भरावी लागते. म्हणून मला या प्रश्नावर पटकन बोलता येत नाही.

(दोन सदस्यांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले.)

सरळरेषा

जुनी_वही काका, सुंदर प्रतिसाद. पण शेवटी तुम्ही जे म्हणालात ते मला उलटं दिसतं. ते जिंकले असते तर भंडाऱ्याची ती पोटनिवडणूक आज किती जणांना आठवली असती?

जुनी_वही

आठवणीत राहणं आणि लोकसभेत असणं यात फरक आहे हो. त्यांना कायदे करायचे होते.

कांगारू_काका

मी बरीच वर्षं ऑस्ट्रेलियात मतदान करतोय आणि हा धागा वाचताना वाटतंय की तुम्ही लोक नसलेल्या प्रश्नावर भांडताय, म्हणजे तुमच्याकडे प्रश्न आहे पण तो माणसांच्या सचोटीचा नाही, मतपत्रिकेचा आहे. आमच्याकडे एकच फुली नाही मारायची, सगळ्या उमेदवारांना १, २, ३ असे क्रमांक द्यायचे. मी मनातल्या छोट्या उमेदवाराला १ देतो, चालून जाईल त्याला २, नको त्याला सगळ्यात शेवटी. माझा १ नंबरवाला तळाला गेला की तो बाद होतो आणि माझं मत आपोआप २ कडे जातं. म्हणजे तत्त्वही राहिलं आणि नको त्याला पाडायलाही हातभार लागला.

ही पद्धत कुठून आली तेही गमतीचं आहे. १९१८ ला स्वान नावाच्या मतदारसंघात पोटनिवडणूक झाली, तिथे एकाच बाजूचे दोन उमेदवार उभे राहिले आणि त्यांची मतं फुटून विरोधी लेबर पक्षाचा पोरगेलासा उमेदवार सुमारे ३४ टक्क्यांवर निवडून आला. सरकार घाबरलं आणि त्याच वर्षी कायदा बदलून पसंतीक्रम आणला. थोडक्यात, तत्त्वबित्त्व काही नव्हतं, स्वतःची मतं फुटू नयेत म्हणून केलेली सोय होती, पण फायदा मतदाराचा झाला.

कुंपणावरचा

कांगारू_काका, हे आपल्याकडे नाहीच का?

जुनी_वही

आहे की. राष्ट्रपती, राज्यसभा, विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात पसंतीक्रमच असतो. पदवीधर म्हणून नाव नोंदवलं असेल तर तुम्हीही १, २, ३ लिहून आला असाल. आणि राष्ट्रपतीपदाच्या १९६९ च्या निवडणुकीत दुसऱ्या पसंतीवरच निकाल लागला. पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, संजीव रेड्डी ३,१३,५४८ आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख १,१२,७६९. कोणालाच कोटा (निवडून यायला लागणारा मतांचा आकडा) गाठता आला नाही. मग खालच्यांची दुसरी पसंती वाटल्यावर गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. देशमुखांची बहुतेक दुसरी पसंती रेड्डींकडे गेली तरी ती पुरली नाही.

त्या निवडणुकीत इंदिरा गांधींनी आपल्याच पक्षाच्या अधिकृत उमेदवाराला, म्हणजे रेड्डींना, मत द्यायचं की नाही हे 'अंतरात्म्याच्या आवाजा'वर सोडलं होतं. आता मला सांगा तो अंतरात्मा होता की डाव? म्हणजे मतदान तत्त्वाने करा असं सांगणं हाच सगळ्यात मोठा डावपेच असू शकतो.

टवाळ

अंतरात्म्याला व्हिप लागू होत नाही, हीच तर त्याची सोय.

गणित_कच्चं

कांगारू_काकांच्या उत्साहावर थोडं पाणी ओततो. क्रमांक दिले की डावपेच संपतात हे खरं नाही, कमी होतात एवढंच. अलास्कात २०२२ च्या ऑगस्टमध्ये क्रमांकाच्या पद्धतीने पोटनिवडणूक झाली, पेल्टोला, पेलिन आणि बेगिच असे तिघं. बेगिच पहिल्या पसंतीत तिसरा म्हणून बाद झाला आणि शेवटी पेल्टोला आली. नंतर मतपत्रिकांची सगळी आकडेवारी तपासली तेव्हा दिसलं की बेगिच समोरासमोरच्या लढतीत दोघींपैकी कोणालाही हरवू शकत होता! म्हणजे ज्यांनी पेलिनला १ आणि बेगिचला २ दिलं होतं त्यांच्यातल्या काही हजारांनी बेगिचला १ दिलं असतं तर त्यांना निदान दुसरा आवडता तरी मिळाला असता. मनासारखं मत दिलं आणि सगळ्यात नावडती निवडून आली. ओळखीचं वाटतंय ना?

हे अपघाताने होत नाही, याचं प्रमेय आहे. गिबार्ड १९७३ आणि सॅटरथ्वेट १९७५, दोघांनी वेगवेगळं सिद्ध केलं. तीन किंवा जास्त उमेदवार असतील आणि तिघांनाही जिंकायची संधी असेल तर क्रमवारीवर चालणारी अशी कुठलीही पद्धत नाही की ज्यात कोणालाच कधीच खोटं मत देऊन फायदा होणार नाही. अपवाद दोन, निकाल चिठ्ठी टाकून लावा किंवा एकाच माणसाच्या मताने लावा, म्हणजे हुकूमशाही. हुकूमशहाला डावपेच करावे लागत नाहीत.

अठराव्या शतकातला बोर्दा नावाचा फ्रेंच गणिती होता, त्याने गुण देऊन मोजायची पद्धत काढली आणि लोकांनी यात लबाडी करता येते म्हटल्यावर तो म्हणाला म्हणे, माझी पद्धत फक्त प्रामाणिक लोकांसाठी आहे. वर्गात सांगितलं की पोरं हसतात.

संपादक_मंडळ

दोन प्रतिसाद उडवले आहेत. धागाकर्त्याने वर स्पष्ट विनंती केली आहे. पुन्हा नावं आली तर धागा वाचनमात्र होईल.

टवाळ

मी नव्हतो. या वेळी खरंच नव्हतो.

खडूस_आजोबा

उडवलेला एक माझा होता. असो.

गणित_कच्चं यांच्या प्रमेयाचा अर्थ मी असा काढतो की डावपेच ही चोरी नाही, निवडणुकीचा स्वभावच आहे तो. मग लाज कसली? कुंपणावरच्यांना जी टोचणी लागलीये ती मला समजत नाही. फ्रान्समध्ये दोन फेऱ्या असतात, तिथले लोक उघड म्हणतात की पहिल्या फेरीत निवडायचं आणि दुसऱ्या फेरीत गाळायचं. आपल्याकडे दोन्ही कामं एकाच फेरीत उरकायची असतात एवढाच फरक, आणि दोन्हीतलं एकच जमणार असेल तर मी गाळायचं काम करतो.

आणि तिथेही पहिल्या फेरीत मनासारखं वागून काय झालं ते २००२ ला दिसलं. सोळा उमेदवार. डाव्यांची मतं एवढ्या जणांत फुटली की पंतप्रधान असलेला जोस्पां १६.१८ टक्क्यांवर तिसरा आणि कडवा उजवा ले पेन १६.८६ वर दुसरा. दुसऱ्या फेरीत मग डाव्या मतदारांना पहिल्या आलेल्या शिराकला मत द्यावं लागलं, ज्याच्यावर भ्रष्टाचाराचे आरोप होते आणि ज्याच्याविरुद्ध ते आयुष्यभर लढले. घोषणाच होती, लबाडाला मत द्या, फॅसिस्टाला नको. शिराकला ८२ टक्के. पहिल्या फेरीतल्या चैनीचं बिल दुसऱ्या फेरीत आलं.

सरळरेषा

चैन?? आजोबा, ते लोक आपापल्या विचाराला मत देत होते, त्याला तुम्ही चैन म्हणताय. आणि त्या फेरीत जोस्पां पडणार हे कोणालाच वाटलं नव्हतं. सगळे धरून चालले होते की दुसऱ्या फेरीत शिराक आणि जोस्पां असणार. म्हणजे तुमचा डावपेची मतदार असता तरी त्याने हाच अंदाज बांधला असता आणि तोही फसला असता. माझा खरा आक्षेप इथे आहे. डावपेचाचं मत देण्यासाठी आधी माहिती लागते की टक्कर कोणात आहे, आणि ती माहिती तुम्हाला देतं कोण? तर ज्यांना तुमचं मत हवंय तेच. 'फक्त आम्हीच त्यांना हरवू शकतो' असं प्रत्येक पत्रकावर छापलेलं असतं.

आणि हरलेल्या मताचं काय होतं तेही बघा. ब्रिटनमध्ये २०१५ ला युरोपीय संघातून बाहेर पडा म्हणणाऱ्या युकिप पक्षाला १२.६ टक्के मतं पडली, ३८ लाखांच्या वर, आणि खासदार किती, एक. सगळी वाया? पण हीच मतं सरकतायत या भीतीने आधीच पंतप्रधानांनी सार्वमताचं आश्वासन देऊन टाकलं होतं आणि २०१६ ला ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडायचं ठरवून मोकळा झाला. मला ते आवडलं की नाही हा वेगळा विषय, नाहीच आवडलं, पण वाया गेलेल्या मतांनी देशाची दिशा बदलली. मोठे पक्ष जागा मोजतात त्याहून जास्त आपल्याकडून निसटलेली मतं मोजतात.

कांशीराम म्हणायचे ते पण हेच, पहिली निवडणूक हरायला, दुसरी पाडायला आणि तिसरी जिंकायला. तुम्ही पहिलीच्याच वेळी म्हणालात की हा येणार नाही, तर तिसरी उजाडणार कशी?

अबोली_फुलली

इतके दिवस नुसतं वाचत होते, आता लिहिते. मी शिक्षिका आहे, निवडणुकीची ड्युटी अनेकदा केली, मतमोजणीला पण बसले आहे. मोजणीच्या टेबलासमोर जाळीपलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी बसतात. मोठ्या पक्षांचे असतात ते कॅल्क्युलेटर, कागद, फोन नाही म्हणून कासावीस. आणि एखाद्या छोट्या उमेदवाराचा पण एक मुलगा असतो. एकदा असाच एक विशीतला मुलगा सकाळपासून प्रत्येक मशीनचे आकडे वहीत लिहीत होता, त्याच्या उमेदवाराला एका केंद्रावर चार, एकावर अकरा, एकावर शून्य. शून्य आलं की तो मान खाली घालायचा आणि अकरा आले तेव्हा मागे वळून बघितलं त्याने, सांगायला कोणी नव्हतं मागे. दुपारपर्यंत डिपॉझिट गेलं हे सगळ्यांना कळलं होतं (वैध मतांच्या एक षष्ठांशाच्या वर लागतात) तरी तो शेवटच्या फेरीपर्यंत बसून राहिला. मी विचारलं, अजून का बसलायस? म्हणाला, मॅडम, कुठल्या भागात कोण आहे आपलं ते कळतं ना.

मला तेव्हापासून 'मत वाया गेलं' हे म्हणवत नाही. पण मी स्वतः दर वेळी मनातल्यालाच देते असंही नाही, खरं सांगते. एकदा फार घाबरले होते, तेव्हा पाडण्यासाठीच दिलं आणि त्याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही.

कुंपणावरचे, तुम्हाला एक सांगू का, सगळे म्हणतायत टक्कर आहे, पण 'सगळे' कोण? निवडणुकीनंतर फॉर्म २० निघतो, त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला किती मतं पडली ते सगळं असतं. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साइटवर मिळतो. मागच्या दोन वेळचा काढून बघा तुमच्या इथे खरंच टक्कर असते का ते.

गणित_कच्चं

अबोलीताई, प्रतिसाद खूप आवडला. आणि फॉर्म २० चा मुद्दा फार कामाचा, कारण सगळा वाद 'टक्कर आहे' या गृहीतावर उभा आहे. फरक पन्नास हजारांचा असेल तर डाव खेळायचं कारणच उरत नाही.

जर्मनीतला एक किस्सा सांगून गप्प बसतो. लोअर सॅक्सनी राज्य, जानेवारी २०१३. तिथे ५ टक्क्यांच्या खाली गेलेल्या पक्षाला जागा मिळत नाहीत. तिथल्या सत्ताधारी सीडीयू पक्षाचा मित्रपक्ष एफडीपी ५ च्या खाली जाईल असं चाचण्यांमध्ये दिसत होतं म्हणून सीडीयूच्या मतदारांनी आपली मतं त्यांना 'उसनी' दिली, त्यांच्याकडे उसनं मत असा शब्दच आहे. झालं काय की एवढ्या जणांनी एवढा विचार केला की एफडीपीला ९.९ टक्के पडले, सीडीयूची मतं घटली, आणि विरोधी आघाडी ६९ विरुद्ध ६८ अशी एका जागेने जिंकली. मित्र वाचला पण सरकार गेलं. प्रत्येकाला वाटत होतं की हा हिशोब मी एकटाच करतोय.

टवाळ

यापेक्षा नोटा बरा. ना तत्त्वाचं ओझं ना गणिताचं.

सरळरेषा

नोटा म्हणजे नुसती नोंद. २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने आला पण निकालावर त्याचा परिणाम शून्य. इंदूरला २०२४ मध्ये २,१८,६७४ लोकांनी नोटा दाबला, दुसऱ्या क्रमांकावर नोटा, आणि निवडून यायचा तो आलाच.

खडूस_आजोबा

निकालावर परिणाम शून्य म्हणून तुम्ही नोटाला नावं ठेवताय सरळरेषा? तुम्ही??

सरळरेषा

… सापडलो. हा एक तुमचा आजोबा.

टवाळ

तारीख लिहून ठेवा रे कोणीतरी.

कुंपणावरचा

धागा वर काढतोय, माफी. मतदान होऊन दोन महिने झाले, मध्ये लिहायचं राहिलं.

अबोलीताईंनी सांगितलं तसं मतदानाच्या आधी मागच्या दोन वेळचे फॉर्म २० काढले. पीडीएफ वाकडीतिकडी स्कॅन केलेली, दोन रात्री गेल्या. आणि दिसलं असं की आमच्याकडे टक्कर वगैरे काही नसतेच! ज्या वेळी घरच्यांनी मला सहा महिने ऐकवलं त्या वेळी फरक पाच आकडी होता, माझ्या उमेदवाराची सगळीच्या सगळी मतं दुसऱ्याला दिली असती तरी तिसराच आला असता. ती पीडीएफ मी प्रिंट काढून घरी फ्रिजवर लावली. कोणी काही बोललं नाही.

मग या वेळी मनातल्यालाच दिलं. आजोबांना सांगतो, टक्कर असती तर काय केलं असतं हे मलाच माहीत नाही, बहुतेक तुमचं ऐकलं असतं आणि परत इथे येऊन रडलो असतो. निकाल अपेक्षेप्रमाणे, दुसरा आला, फरक परत मोठा. माझ्यावाल्याचं डिपॉझिट गेलं.

काल या वेळचा फॉर्म २० आला. आमच्या मतदान केंद्रावर त्याला सतरा मतं आहेत. एक माझं. मला आत्तापर्यंत वाटायचं की आमच्या भागात मीच एक खुळा. आता सकाळी फिरायला गेलो की समोरून येणाऱ्या प्रत्येकाकडे बघत बसतो, हा त्या सोळातला असेल का.

टवाळ

सकाळी फिरायला जाणाऱ्यांत नसतील. आम्ही उशिरा उठतो.

कुंपणावरचा

आम्ही???